पंचफुलाकाकूची नागपुरातली रोवणी

पंचफुलाकाकूनं गंज विकत घेतला तो दिवस पवनीचे भांडीवाले अजून विसरलेले नाहीत. गंज म्हणजे आमच्याकडचं भात शिजवायचं मोठं पातेलं. साधा माणूस दोन-तीन गंज पाहतो, भावावरून थोडं भांडतो आणि एक उचलून घरी येतो. काकूनं सकाळी नऊ वाजता पहिल्या दुकानात पहिला गंज उचलला, कानाशी धरला, बोटाच्या पेरानं ठोकला, डोळे मिटले आणि "हं" म्हणाली. मग दुसरा. मग तिसरा. दुपारपर्यंत बाजारातल्या सगळ्या गंजांची अशी तपासणी झाली. त्या आवाजानं दोन म्हाताऱ्या आरती सुरू झाली समजून देवळात जाऊन बसल्या. संध्याकाळी पाच वाजता काकू पुन्हा पहिल्या दुकानात आली आणि सकाळचा तो पहिलाच गंज तिनं घेतला.

दुकानदार रडकुंडीला आला. "बाई, हाच घ्याचा होता तं सकारीच काहून नाही घेतला?"

"सकारी मले कुठं मालूम होतं, बाकीचे खराब हायेत म्हणून?"

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, कारण तिला पवनीला घेऊन जाणारा मीच. मी अड्याळला शाळेत मास्तर होतो, काकूच्या घराला लागून भाड्यानं राहायचो, मधे एकच भिंत. माझ्याकडे एक जुनी व्हॅन होती आणि ती बहुतेक वेळा चालायची, एवढ्या भांडवलावर मी काकूचा सारथी झालो. मी गोष्टी फुगवून सांगतो असं माझी बायको म्हणते. पण काकूच्या बाबतीत मी नेहमी कमी करूनच सांगतो. आहे तेवढं सांगितलं तर लोक उठून जातात.

काकू रोवणीच्या बायांची मुकादम. धानाचं बी आधी एका कोपऱ्यात दाट पेरायचं, त्याला पऱ्हे म्हणतात. ते वीतभर वाढले की उपटून, जुड्या बांधून, चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, एकेक रोप लावायचं, ती रोवणी. काकूच्या हाताखाली एकवीस बाया होत्या आणि हात असा चालायचा की एका पावसाळ्यात घाईघाईत तिनं एक बेडूकही रोवला. तो तीन दिवस ओळीत सरळ उभा होता. चौथ्या दिवशी पाटलानं त्याला खत टाकलं.

तिच्या तोंडात मात्र काही टिकायचं नाही. सकाळी तिला सांगितलेली गोष्ट दुपारच्या यष्टीनं भंडाऱ्याला पोचायची. माझा पगार, माझ्या बायकोचं माहेरचं भांडण, शाळेत होणारी अचानक तपासणी, सगळं गावाला आमच्या आधी माहीत असायचं.

काका वारून बरीच वर्षं झाली होती. घरात काकू, मुलगा पुरू आणि सून वैशाली. पुरू राइस मिलमध्ये कामाला होता, पाठीवर धानाचं पोतं घेऊन पळायचा. वैशाली पवनीच्या विणकरांच्या घरची, बोलायला कमी. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं.

एक दिवस लाखांदूरहून काकूची नणंद आली, बनाबाई. पुरूची आत्या. तिनं चहाच्या आधीच मोबाइल काढला आणि त्यात एका मुलीचा फोटो दाखवला.

"पाह्य वयनी. पोरगी दहावी पास हाये. पुरूचं अजून वय गेलं नाही."

भिंतीच्या अलीकडे मी पेपर तपासत होतो. मला वाटलं, काकू आता बनाबाईला मोबाइलसकट अंगणात फेकेल. पण काकू म्हणाली, "हा पावसाळा जाऊ दे. मंग पाहू."

आतल्या खोलीत पाटा-वरवंट्याचा आवाज चालू होता. तो थांबला.

त्या रात्री त्या घरात कोणी जेवलं की नाही ठाऊक नाही. पण सकाळी काकू माझ्या दारात उभी. "मास्तर, गंज घेतानी एवढं ठोकून पाहिलं म्या. आन घरातल्या पोरीचं एका फोटोवर ठरवून राहिली होती. मी मानूस होय का ढोर?"

मी म्हटलं, "काकू, यावर उपाय असतात आता. डॉक्टर असतात."

"उपाय लय हायेत. कोनता खरा, ते पाहाव लागन. ठोकून."

आणि तिनं ठोकलं. जुलैचा शेवट होता, पाटलाच्या बांधीत रोवणी चालू होती. मी रविवारचा व्हॅनमधून पऱ्ह्याच्या जुड्या पोचवायला गेलो होतो. दुपारी बाया जेवायला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसल्या तशी काकू चिखलात उभी राहिली.

"आयका वो बायांनो. तुमच्या माहेरी, सासरी, शेजारी, ज्याले ज्याले लेकरू होत नव्हतं, त्याईनं काय केलं ते सांगा. आयकलेलं असन तं आयकलेलं म्हना, पाहिलेलं असन तं पाहिलेलं म्हना. लबाडी नोको."

बांधीच्या कडेला तिनं पाच ओळी आखल्या. पहिली, पहाडीवरच्या बाबाचा अंगारा. दुसरी, जंगलातल्या वैदूची पुडी. तिसरी, डॉक्टरच्या गोळ्या. चौथीला, म्हणजे बीज नळीनं आत सोडायच्या उपायाला, ती "नळीवाली" म्हणायची आणि पाचवीला "टेस्टट्यूब". ज्या जोडप्यानं जो उपाय केला त्या ओळीत एक रोप. मूल झालं असेल तर शेजारी दुसरं. उपायानं अंग बिघडलं असेल तर रोप उलटं, मुळं आभाळाकडे. सरकारी कचेरीत मी पुष्कळ तक्ते पाहिलेत, पण इतका हिरवा आणि इतका स्पष्ट तक्ता नाही पाहिला.

बाबाची ओळ बघता बघता पार पलीकडच्या धुऱ्याला टेकली. सगळी एकटी रोपं. तेवढ्यात सुमित्रा नावाची बाई उठली. "माह्या नंदेले झालं ना बाबाच्या अंगाऱ्यानं! पोरगा हाये, शाळेत जाते."

काकूनं दुसरं रोप हातात घेतलं, वाकली आणि तशीच थांबली. "अंगाऱ्यासंगं दुसरं काही चालू होतं का वो?"

"दुसरं काही नाही... भंडाऱ्याच्या डाक्टरनीच्या गोळ्या होत्या फक्त. पन त्या लपून खाये."

काकूनं ती जोडी उपटली आणि गोळ्यांच्या ओळीत नेऊन लावली. बाया एवढ्या हसल्या की बोडीतले, म्हणजे शेततळ्यातले, बगळे उडाले ते म्हणे गोंदियाला जाऊन उतरले. मग म्हाताऱ्या दुर्पताबाईनं वैदूच्या पुडीची हकीकत सांगितली. तिच्या भाच्यानं ती खाल्ली आणि त्याचं तोंड एवढं सुजलं की घरच्या कुत्र्यानं त्याला आठ दिवस ओळखलं नाही. ते रोप उलटं लागलं. शेवटच्या दोन ओळी आखूड होत्या. त्यांत जोड्या होत्या, पण एकटी रोपंही होतीच.

काकू कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. "म्हंजे खातरीचा कोनताच नाही."

"नाही," मी म्हटलं.

"पन या तीन वळीत आंधी कोनी तपासते तरी. त्या दोनीत कोनी तुमच्याकडं पाहत बी नाही."

तेवढ्यात वैशाली उठली. ती बायांच्या शेवटाला गप्प बसली होती. तिनं जुडीतून एक रोप काढलं आणि पाचही ओळी सोडून, दूर कोपऱ्यात एकटंच लावलं.

"हे कोन वो?" कोणीतरी विचारलं.

"मी," वैशाली म्हणाली. "माह्यासाठी काहीच केलं नाही कोनी अजून."

काकूनं त्या रोपाजवळ जाऊन बुडाशी चिखल हातानं दाबला.

रोवणी आटोपली आणि आम्ही नागपूरला गेलो. डॉक्टरीणबाई तरुण, शांत. वैशालीच्या तपासण्या लिहून देता देता म्हणाल्या, "मिस्टरांचीही तपासणी लागेल."

पुरू वर पंख्याकडे पाहू लागला. काकू म्हणाली, "त्याची कायले? तो तं धट्टाकट्टा हाये. क्विंटलचं पोतं उचलते."

"पोतं उचलण्याचा आणि याचा काही संबंध नसतो, मावशी. कारण बाईत असू शकतं, पुरुषात असू शकतं, दोघांतही असू शकतं. तपासल्याशिवाय कळत नाही."

आठ दिवसांनी रिपोर्ट आले. वैशालीचं सगळं ठीक होतं. पुरूचं बीज कमी होतं आणि जे होतं तेही मंद. डॉक्टरीणबाई घाईनं म्हणाल्या, यात लाजण्यासारखं काही नाही, यावर उपाय आहेत. पण काकूला ते ऐकू गेलं नाही. ती टेबलाकडे पाहत होती.

"बाई, आमी दरसाली धान मिठाच्या पान्यात टाकून पाहतो. पोचट दाना वर येते, तो फेकतो, मंगच पेरतो. आन घरात सात वर्सं बी न तपासता बांधीले दोष देऊन राहिलो होतो."

वैशालीनं रुमाल काढला. पुरूनं तो मागून घेतला आणि आपलेच डोळे पुसले.

मग डॉक्टरीणबाईंनी प्लास्टिकचं एक गुलाबी मॉडेल काढलं आणि उपाय समजावायला घेतले. दहा मिनिटं झाली. पुरूचा चेहरा तसाच, माझाही तसाच, आणि मी विज्ञान शिकवायचो. शेवटी काकूनं मॉडेल बाजूला सारलं.

"बाई, मले सांगू द्या यायले. पुरू, आयक गा. गोळ्या खानं, परेज पाळनं, सहा महिने वाट पाहनं, हे पहिलं. म्हंजे खत टाकून पावसाची वाट पाहनं. नळीवालं म्हंजे आवत्या. चांगलं बी निवडाचं आन थेट बांधीत फेकाचं. उगवलं तं उगवलं. काम सोपं, खर्च कमी, पन भरोसा बी कमी. आन टेस्टट्यूब म्हंजे पऱ्हे. बी बाहीर उगवाचं, जीव धरला का बांधीत नेऊन रोवाचं. बरोबर का नाही?"

डॉक्टरीणबाईंचा पेन हवेत राहिला. "अगदी बरोबर. तुमच्या मुलाच्या बाबतीत आम्ही बीही एकेक निवडून घेऊ. मावशी, हे तुम्ही शिकलात कुठं?"

"पाटलाच्या बांधीत."

तेव्हापासून भंडारा-गोंदियाकडचा पेशंट आला की त्या ते गुलाबी मॉडेल कपाटात ठेवतात म्हणे.

काकूनं लगेच हुकूम सोडला. "मंग रोवणीच करा. मधात आवत्याचा टाइमपास कायले?"

"आई," वैशाली म्हणाली, "सुया मले टोचनार हायेत."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. डॉक्टरीणबाईंनी कागद तिच्याकडे सरकवला. वैशालीनं प्रश्न विचारले. किती सुया, किती दिवस, काय दुखेल, काय बिघडू शकतं, दोन उपायांच्या मधे किती थांबायचं. सात वर्षांत तिचं एवढं बोलणं मी ऐकलं नव्हतं. मग ती पुरूकडे बोट करून म्हणाली, "आंधी तीन महिने यायचा तंबाखूचा खर्रा बंद. मंग नळीवालं दोनदा. नाही झालं तं रोवणी, एकदा. मंग बस. मंग मले कोनी काही म्हनाचं नाही."

"कोनी" म्हणताना ती काकूकडे पाहत होती.

"बरं," काकू म्हणाली. एवढं छोटं वाक्य तिच्या तोंडून निघालं, तेव्हा मला वाटलं तिची तब्येत बिघडली.

दिवाळीआधी बनाबाई पुन्हा आली, पुन्हा मोबाइल काढला. काकूनं चष्मा लावला आणि फोटो लांब धरून, जवळ धरून पाहिला.

"पोरगी मस्त हाये बना. हिले भाऊ हाये का?"

"हाये ना, मोठा हाये. कायले?"

"वैशालीसाठी पाहून राहिली. पोरीत काही खोट नाही. बी आमच्या घरचं कमजोर निघालं. मंग दुसरं लगन तिचं लावाव लागन का नाही?"

बनाबाईच्या हातातली बशी तिरपी झाली आणि चहा मोबाइलवर सांडला. पुरू धानाच्या कोठीत जाऊन बसला. बनाबाईनं साडेचारची यष्टी तीन वाजताच गाठली.

काकू कोठीच्या तोंडाशी गेली. "बाहीर ये गा. दात दुखला तं सांगते का नाही मानूस? तसंच होय हे. लाजाचं काम सात वर्सं म्या केलं, तुनं काय केलं?" पुरू बाहेर आला तो कोंड्यानं पांढराफटक, डोळे तेवढे काळे. आणि भिंतीपलीकडून वैशालीचं हसणं ऐकू आलं. माझ्या बायकोनं हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवली. ती जळली, पण आम्ही त्याच कौतुकानं खाल्ली.

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला आमच्या जिल्ह्याचा प्राणवायू. तो पुरूला सुटणं म्हणजे वैनगंगा उलटी वाहणं. काकूनं बायांना पानठेल्यासमोर बसवलं. एकवीस बाया, ओळीत, काहीही न बोलता. पुरू ठेल्याकडे आला की सगळ्या एकदम उभ्या राहायच्या. तिसऱ्या दिवशी ठेलेवालाच काकूच्या पाया पडला. बाया पाहून बाकीची गिऱ्हाइकंही गावाबाहेर पळायला लागली होती, अर्ध्या गावाचा खर्रा फुकटात सुटत होता.

तीन महिन्यांनी पुरूचा रिपोर्ट थोडा सुधारला. नळीवाला उपाय झाला. पण काकूनं तारीख गावभर सांगितली होती. पंधरा दिवस किराणावाला विचारे, पीठगिरणीवाला विचारे, यष्टीचा कंडक्टर तिकीट फाडता फाडता विचारे, "झालं का?" झालं नाही. दुसऱ्यांदाही झालं नाही. वैशाली माझ्या बायकोजवळ स्वयंपाकघरात बसून रडली. "न झाल्याचं तेवढं दुख नाही वो मॅडम. पन पन्नास लोकायले 'नाही' म्हनाव लागते."

हे माझ्या बायकोनं काकूच्या तोंडावर सांगितलं. काकू नुसती पदराचं टोक पिळत राहिली.

मग आली रोवणी, नागपूरची. तीही नेमकी जुलैमध्ये, ऐन हंगामात. दोन गर्भ तयार झाले. एक वैशालीच्या पोटात सोडला, दुसरा गोठवून ठेवला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "घरी जा, चाला, फिरा, नेहमीसारखं जेवा. झोपून राहायची गरज नाही." काकूनं मान हलवली आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, "शिकली हाये, पन तिले रोवणी मालूम नाही. नवं रोप हाललं का गेलं. मास्तर, गाडी अशी चालवा का गाडीले बी समजलं नाही पायजे."

मी ताशी दहाच्या वेगानं व्हॅन काढली. सायकलवाले पुढं गेले. बैलगाडी पुढं गेली आणि गाडीवानानं विचारलं, "मास्तर, दोर बांधू का?" एक म्हातारा शेळ्या घेऊन आम्हाला ओलांडून गेला. शेळ्या चारून, पाणी पाजून तो परत येताना पुन्हा भेटला. वैशालीला तीनदा शिंक आली आणि तिन्ही वेळा काकूनं मला गाडी थांबवायला लावली.

गाव दोन किलोमीटर उरलं आणि मी पाहिलं, रस्त्यावर एकवीस बाया उभ्या, हातात घमेली. काकूनं सकाळीच निरोप देऊन ठेवला होता. खड्ड्यांचे धक्के बसू नयेत म्हणून त्यांनी रोवणी सोडून सगळे खड्डे बांधीतला चिखल आणि तणस, म्हणजे धानाचा पेंढा, टाकून बुजवले होते. पाटील छत्री घेऊन नाचत होता. "माहे पऱ्हे पिवळे पडून राहिले आन तुमी रस्ते लिपून राहिल्या!"

"तुमची रोवणी उद्या बी होते, पाटील," दुर्पताबाई म्हणाली. "हिची आजच हाये."

काम सुंदर झालं होतं. रस्ता शेणानं सारवल्यासारखा गुळगुळीत दिसत होता. मी पहिल्या खड्ड्यावर चाक घातलं आणि व्हॅन दरवाजापर्यंत आत गेली. रोवणीच्या बायांनी केलेला चिखल तो. त्यात रोप उभं राहतं, व्हॅन नाही. बायांनी ढकललं, पाटलानं ढकललं, छत्री मोडली. शेवटी वैशालीनं दार उघडलं, साडी वर खोचली, चिखलात उतरली आणि हसत हसत पायी घराकडे चालायला लागली. मागून काकू ओरडत होती, "हळू वो! हालू नोको! चालू नोको!" आणि वैशालीला जास्तच हसू येत होतं.

चौदा दिवसांनी रक्त तपासलं. फोनला रेंज माझ्या गच्चीवरच यायची, म्हणून सगळे वर जमले. वैशालीनं फोन कानाला लावला, ऐकलं, खाली ठेवला.

"नाही म्हनले."

आता सगळे काकूकडे पाहू लागले. तिनं तोंड उघडलं. त्या तोंडात काय आहे हे मला दिसत होतं, पुरूला दिसत होतं, वैशालीला तर नक्कीच. दुसरा गर्भ नागपुरात बर्फात होता. फक्त एक वाक्य.  मग तिनं तोंड मिटलं, गिळलं आणि म्हणाली, "एकदा म्हनली होती ना तू? झालं मंग. चाल, भूक लागली."

त्यानंतरचं वर्ष हा माझ्या मते अड्याळच्या इतिहासातला सगळ्यात मोठा चमत्कार आहे. पंचफुलाकाकू एक गोष्ट बोलली नाही. किराणावाल्यानं विचारलं तर ती त्याला पावसाचं सांगे. बनाबाईनं फोन केला तर ती मोठ्यानं "आवाज येऊन नाही राहिला" म्हणून ठेवून देई. गाल फुगलेले असत, जसं काही तोंडात दोन लिंबं आहेत. फारच असह्य झालं की बोडीवर जाऊन पाटलाच्या म्हशीला सांगे. ती म्हैस पुढं बरीच समजूतदार झाली. फक्त एकदा, मे महिन्यात, सगळा जिल्हा भाजून निघत असताना, माझ्या ओट्यावर बसून ती हळूच म्हणाली, "मास्तर, तिथं लय थंडी असन का गा त्याले?" आणि उत्तराची वाट न पाहता उठून गेली.

यंदा रोवणी संपली त्या संध्याकाळी वैशाली पाय धूत होती. पाय धुता धुताच म्हणाली, "आई, ते दुसरं तिथंच हाये ना?"

"कोनतं?" काकू म्हणाली. नाटकात तिला कोणी घेणार नाही.

"एकदा पाहते जाऊन."

"तुह्या मनानं?"

"माह्याच मनानं."

काकूनं पाण्याचा गंज उचलून तिच्या पायावर ओतला. सगळाच्या सगळा.

तपासणी, गोळ्या झाल्या, दुसरा गर्भ सोडायची तारीख ठरली आणि त्याच आठवड्यात माझी बदली झाली. जाण्याआधी एक काम म्हणून मी व्हॅन न्यायला तयार होतो, पण वैशाली हात जोडून म्हणाली, "नोको मास्तर. तुमच्या गाडीनं गेलं तं लेकरू रस्त्यातच दहावी पास होईन. यष्टीनंच जातो."

ही गोष्ट मागच्या मंगळवारची. चौदा दिवस अजून व्हायचे आहेत आणि मी फोन करून विचारलेलं नाही, विचारणारही नाही. त्यांना सांगावंसं वाटलं तर सांगतील.

सकाळच्या गाडीवर मी त्यांना सोडायला गेलो होतो. वैशाली खिडकीशी बसली, तिच्या शेजारी पुरू. त्याच बाकावर तिसरी जागा होती, त्यावर पुरूनं पिशवी ठेवून ती धरली होती. "आई, इकडं ये, जागा हाये."

"तुमी दोघं बसा गा," काकू म्हणाली आणि मागं मागं जात थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसली. तिथं एक तरुण बाई होती, एकटी, मांडीवर दवाखान्याची फायल घट्ट धरून. गाडी सुटली. मागच्या काचेतून मला दिसलं, काकूनं आधी पिशवीतून मुरमुऱ्याचा पुडा काढून तिच्यापुढं धरला. मग तिच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. काय ते ऐकू आलं नाही, पण त्या पोरीनं फायल बाजूला ठेवली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.